निवडणूक देणग्यांवर मर्यादा: अमेरिकेला त्यासाठी घटनादुरुस्ती का लागते?

काठावर_पास

पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्यांना हे माहीत असेल. निवडणुकीच्या वर्षी ऑक्टोबर उजाडला की टपालपेटीत रोज चकचकीत कार्डं येऊन पडतात. एकावर उमेदवाराचा काळपट, डोळे अर्धवट मिटलेला फोटो. दुसऱ्यावर तोच उमेदवार शाळेतल्या पोरांबरोबर हसतोय. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेलं असतं की हा खर्च अमुक संस्थेने केला आहे आणि त्याला कोणत्याही उमेदवाराची किंवा त्याच्या समितीची संमती नाही. संस्थेचं नाव इतकं गोड असतं की पैसा कोणाचा याचा वासही लागू नये.

मागे एका धाग्यावर कोणीतरी विचारलं होतं, "एवढा पैसा ओततात, तर कायदा करून मर्यादा का घालत नाहीत?" कायदा केला होता हो. कोर्टाने तो मोडला.

वॉटरगेटनंतर, १९७४ साली, काँग्रेसने (पक्ष नव्हे, त्यांची संसद) दोन्हीकडून लगाम घातला. देणगी किती द्यायची यावर आणि खर्च किती करायचा यावरही. एका माणसाने एका उमेदवाराला एका निवडणुकीत १,००० डॉलरपर्यंत द्यावेत. उमेदवाराने स्वतःच्या खिशातून किती घालावेत, यालाही मर्यादा. बाहेरच्या कोणी स्वतंत्रपणे एखाद्याचा प्रचार केला, तर त्यालाही १,००० ची मर्यादा. याविरुद्ध कोर्टात गेले कोण? न्यूयॉर्कचे उजव्या विचारांचे सिनेटर जेम्स बकली आणि व्हिएतनाम युद्धाला विरोध करून गाजलेले यूजीन मॅकार्थी, दोघं मिळून! ३० जानेवारी १९७६ ला 'बकली वि. व्हॅलेओ'चा निकाल लागला. देणगीची मर्यादा टिकली, कारण देणगीआडून लाच दिली जाऊ शकते. खर्चावरच्या सक्तीच्या मर्यादा मात्र गेल्या, कारण आजच्या काळात पैसा खर्च केल्याशिवाय म्हणणं लोकांपर्यंत पोचतच नाही. म्हणून खर्चावर बंधन म्हणजे बोलण्यावर बंधन. निकालाच्या एका तळटीपेत म्हटलंय की अशी मोकळीक म्हणजे हवी तेवढी गाडी चालवा, पण एकाच टाकी पेट्रोलवर.

पुढचं सगळं या एका फाळणीतून निघालं. २०१० मध्ये 'सिटिझन्स युनायटेड'च्या निकालात ५ विरुद्ध ४ मतांनी कंपन्या आणि कामगार संघटना यांच्या स्वतंत्र खर्चावरची बंदी उठली. दोनच महिन्यांनी वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने त्याचा पुढचा अर्थ लावला: स्वतंत्र खर्चात लाचेचा प्रश्न येत नसेल, तर असा खर्च करणाऱ्या समितीला देणगी देण्यावरही मर्यादा नको. झाला सुपर पॅकचा (अमर्याद देणग्या घेणाऱ्या अशा समितीचा) जन्म. २०१४ मध्ये, एका माणसाने दोन वर्षांत सगळे उमेदवार, पक्ष, समित्या मिळून १,२३,२०० डॉलरपेक्षा जास्त देऊ नयेत, ही एकत्रित मर्यादाही गेली.

आज चित्र असं आहे की २०२४ च्या निवडणुकीत तुम्ही-आम्ही एका उमेदवाराला एका फेरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक ही एक, मुख्य ही दुसरी) ३,३०० डॉलरपेक्षा एक सेंटही जास्त देऊ शकत नव्हतो, आणि त्याच निवडणुकीत एलॉन मस्क यांनी २५ कोटी डॉलरहून जास्त खर्च केले. दोन्ही कायदेशीर.

माझं म्हणणं एवढंच. कोर्टाने एकच निकष धरून ठेवलाय: 'हे घे, ते दे' अशी सरळ लाच. कोणाचा फोन मंत्री पहिल्या रिंगला उचलतो, कोणतं विधेयक समितीतून बाहेरच येत नाही, हे त्या निकषात बसत नाही. हा निकष साध्या कायद्याने बदलत नाही, कारण कायदा परत त्याच कोर्टात जातो. म्हणून घटनादुरुस्ती. तुम्हाला काय वाटतं?

ओली_भेळ

वाचतेय. बाळबोध प्रश्न: सुपर पॅक उमेदवाराला पैसे देतच नाही, तर मग उमेदवाराला त्याचा उपयोग काय?

काठावर_पास

@ओली_भेळ, देत नाही, पण त्याच्यासाठी टीव्हीचा वेळ विकत घेते, कार्डं छापते, दारोदार माणसं पाठवते. अट एवढीच की उमेदवाराशी संगनमत नको. आणि संगनमत झालं की नाही हे बघणाऱ्या निवडणूक आयोगात सहा सदस्य. एका पक्षाचे जास्तीत जास्त तीन. कारवाईला चार मतं लागतात. काय होत असेल ते तुम्हीच ओळखा. कित्येक सुपर पॅक उमेदवाराच्या जुन्या कर्मचाऱ्यांनीच चालवलेल्या असतात.

खडूस_वकील

धागा चांगला, पण अर्धी बाजू आली. दुसरी मी मांडतो.

'सिटिझन्स युनायटेड' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तेल कंपनीचा ढेरपोट्या मालक येतो. प्रत्यक्षात ती एक छोटी वैचारिक संस्था होती. २००८ साली तिने हिलरी क्लिंटन यांच्यावर टीका करणारा माहितीपट काढला आणि तो प्राथमिक निवडणुकांच्या काळात केबलवर, मागाल तेव्हा पाहता येईल असा दाखवायचा होता. कायदा म्हणत होता, प्राथमिकच्या आधी ३० दिवस आणि मुख्य निवडणुकीच्या आधी ६० दिवस असं काही कंपनीच्या पैशाने प्रसारित करायचं नाही. संस्था नोंदणीकृत, म्हणजे कायद्याने 'कंपनी'च.

मार्च २००९ च्या सुनावणीत न्यायमूर्तींनी सरकारी वकिलांना विचारलं: समजा, असाच मजकूर पुस्तकात असेल तर? वकिलांना कबूल करावं लागलं की कंपनीच्या पैशाने छापलेलं, शेवटी 'अमुकला मत द्या' म्हणणारं पुस्तकही सरकार रोखू शकेल. केस तिथे फिरली. पुन्हा युक्तिवाद ठेवला गेला आणि जानेवारी २०१० मध्ये निकाल आला. अमेरिकेतली मोठी नागरी हक्क संघटना, एसीएलयू, तीसुद्धा या प्रकरणात त्या संस्थेच्या बाजूने उभी राहिली होती. ते काही भांडवलदारांचे हस्तक नव्हेत.

आणि मर्यादा ठरवणार कोण? निवडून आलेले. त्यांना नाव आहे, पद आहे, रोज बातमीत चेहरा आहे. नव्या माणसाला ओळख विकत घ्यावी लागते. व्हरमाँटने देणगीची मर्यादा विधानसभेच्या उमेदवारासाठी २०० डॉलरवर आणली, तेव्हा २००६ मध्ये कोर्टाने ती रद्द करताना हेच सांगितलं: इतक्या कमी पैशात आव्हान देणारा उभाच राहू शकत नाही. उद्या घटनादुरुस्ती झाली की हा आक्षेपही संपला. कुंपणाला राखण दिलीत, आता शेत कोण खातंय ते बघा.

झणझणीत_रस्सा

अहो पण पैशाने निवडणूक जिंकता येते हेच मुळात खोटं. २०२० मध्ये डेमोक्रॅट पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग यांनी स्वतःचे सुमारे १०० कोटी डॉलर घातले आणि जिंकलं काय, तर पॅसिफिकमधलं चिमुकलं अमेरिकन सामोआ! २०२५ मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या जागेसाठी मस्क आणि त्यांच्याशी संबंधित गटांनी २ कोटी डॉलरहून जास्त ओतले. त्यांचा उमेदवार चांगला दणकून पडला. मतदार खुळा नाही.

तिरफळ

@झणझणीत_रस्सा, हरलेल्याचं नाव सगळ्यांना दिसतं. पण पैसा बघून उमेदवारी अर्जच भरला नाही अशांची नावं कुठे छापून येतात? शिवाय देणारा माणूस निवडणुकीच्या रात्रीसाठी देत नाही, पुढच्या चार वर्षांसाठी देतो. म्हणून तर काही बडे देणगीदार दोन्ही पक्षांना देतात. ज्याला विचार मांडायचाय तो दोन्ही बाजूंना कशाला देईल हो?

शून्य_प्रहर

माँटानाची गोष्ट कोणी सांगितली नाही म्हणून मी सांगतो, कारण या वादात ती सगळ्यात जास्त बोलकी आहे.

माँटाना म्हणजे तांब्याच्या खाणी. १८९९ साली विल्यम क्लार्क नावाच्या तांबेसम्राटाला सिनेटर व्हायचं होतं. तेव्हा सिनेटर जनता नाही, राज्याची विधिमंडळं निवडत. क्लार्क यांच्या माणसांनी आमदारांना पाकिटं वाटली. फ्रेड व्हाइटसाइड नावाच्या एका सदस्याने ३०,००० डॉलरच्या नोटा विधिमंडळापुढे आणून दाखवल्या. तरी क्लार्क निवडून आले! सिनेटच्या समितीने १९०० साली लाचेचा ठपका ठेवल्यावर राजीनामा दिला, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा निवडून येऊन पूर्ण मुदत भोगली.

यातून दोन गोष्टी निघाल्या. १९१२ साली माँटानाच्या मतदारांनी थेट मतदानाने कायदा केला: कंपन्यांनी राज्याच्या निवडणुकीत पैसा घालायचा नाही. आणि १९१३ साली अमेरिकेची १७वी घटनादुरुस्ती झाली, सिनेटर थेट जनतेतून निवडले जाऊ लागले. त्या दुरुस्तीमागे क्लार्कसारखी बरीच प्रकरणं होती.

माँटानाचा कायदा शंभर वर्षं टिकला. 'सिटिझन्स युनायटेड'नंतर त्याला आव्हान मिळालं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, आमच्याकडे लाचेचा इतिहास कागदावर आहे, कायदा राहील. जून २०१२ मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय ५ विरुद्ध ४ ने उलटवला. सुनावणीही नाही, जेमतेम पानभर आदेश.

त्याच नोव्हेंबरात माँटानाने राष्ट्राध्यक्षपदासाठी रिपब्लिकन मिट रॉम्नी यांना कौल दिला, आणि त्याच मतपत्रिकेवर सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी असा ठराव पास केला की कंपन्यांना घटनेतले माणसाचे हक्क नसावेत आणि आमच्या प्रतिनिधींनी तशी दुरुस्ती आणावी. म्हणजे हा फक्त डेमोक्रॅट लोकांचा छंद आहे असं समजू नका. २०२४ ला मेन राज्यातही सुपर पॅकला ५,००० डॉलरपेक्षा जास्त देणगी नको, या प्रस्तावाला असंच भरघोस मत पडलं, आणि फेडरल कोर्टाने तो अडवला.

खडूस_वकील

@शून्य_प्रहर, पाकिटं वाटणं तेव्हाही गुन्हा होता, आजही आहे. त्यासाठी कोणाच्या बोलण्यावर बंदी लागत नाही. बाकी इतिहास झकास मांडलात.

जुना_मीटर

थोडं अवांतर, पण आपल्याकडचे दोन संदर्भ द्यावेसे वाटतात.

१९५७ साली टाटा आयर्न अँड स्टीलला आपल्या घटनापत्रात बदल करून राजकीय निधीला देणगी देण्याची सोय करायची होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आलं. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी परवानगी दिली, कारण कायद्यात मनाई नव्हती. पण निकालात स्पष्ट इशारा दिला की हा धोका वाढत जाऊन लोकशाहीचा गळा घोटू शकतो आणि संसदेने यात लक्ष घालावं. लक्षात घ्या, कोर्ट म्हणतंय 'संसदेने बघावं'. अमेरिकेत कोर्ट म्हणतं 'तुम्ही यात पडूच नका'.

दुसरा, १९७४. कंवरलाल गुप्ता खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्या मर्यादेत धरा. म्हणजे कोर्ट कडक निघालं. मग सरकारने काय करावं? महिनाही झाला नव्हता, अध्यादेश काढून तो खर्च मर्यादेबाहेर काढला, आणि संसदेने त्याचा कायदाही केला! आज लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यात ९५ लाखांची मर्यादा आहे आणि पक्षाला मर्यादाच नाही, त्याचं मूळ तिथे आहे. निवडणूक रोखेही संसदेनेच आणले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कोर्टाने ते रद्द केले, मतदाराच्या माहितीच्या हक्कासाठी.

तेव्हा काठावर_पास, तुमचा सगळा भरवसा संसदेवर आहे. आमचा अनुभव उलटा आहे.

काठावर_पास

@जुना_मीटर, दोन्ही संदर्भ नेमके. छागलांचा माहीत नव्हता, निकाल शोधून वाचतो. पण एक फरक आहे. आपल्या कलम १९(२) मध्ये 'वाजवी निर्बंध' घटनेतच लिहून ठेवलेत. अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीत अपवादाचा एक शब्द नाही; काँग्रेस भाषणस्वातंत्र्य कमी करणारा कायदा करणार नाही, विषय संपला. अपवाद सगळे न्यायाधीशांनी घातलेले. मग पैशापुरता एक अपवाद लोकांनी घटनेत घातला तर आभाळ कोसळत नाही.

चौथा_स्लॉट

मी एच-१बीवर. ऑफिसातला सहकारी एका उमेदवाराच्या फंडरेझरचं तिकीट घे म्हणून मागे लागलाय. घेतलं तर चालतं का? की ग्रीन कार्डवर परिणाम?

तिरफळ

@चौथा_स्लॉट, अजिबात घेऊ नका. ग्रीन कार्डवाले देणगी देऊ शकतात, व्हिसावाले नाही. फेडरल, राज्य, अगदी गावच्या स्कूल बोर्डाच्या निवडणुकीतसुद्धा नाही, आणि फंडरेझरचं तिकीट म्हणजे देणगीच. विनामोबदला स्वयंसेवक म्हणून काम केलेलं चालतं.

यावर एक खटलाही झालाय. न्यूयॉर्कमध्ये तात्पुरत्या व्हिसावर काम करणाऱ्या कॅनडाच्या एका वकिलाला ओबामांच्या फेरनिवडीसाठी स्वतःच्या खर्चाने पत्रकं छापून सेंट्रल पार्कमध्ये वाटायची होती. २०११ मध्ये तीन न्यायाधीशांच्या कोर्टाने नाही म्हटलं. निकाल लिहिणारे होते ब्रेट कॅव्हनॉ, जे आज सर्वोच्च न्यायालयात आहेत. कारण काय, तर स्वतःचं सरकार निवडण्याच्या प्रक्रियेत बाहेरच्यांचा प्रभाव रोखणं हे देशाचं रास्त हित आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या जानेवारीत एका ओळीत शिक्कामोर्तब केलं.

आता बघा. पत्रकं छापायला पैसे लागतात, पैसे म्हणजे बोलणं, ते तत्त्व इथे गेलं कुठे? म्हणजे 'निवडणूक कोणाची आणि त्यात कोणाचा किती हात असावा' असा विचार कोर्ट करू शकतं. तोच विचार अब्जाधीशांपाशी आला की थांबतो. माझ्या मते 'पैसा म्हणजे भाषण' या बाजूची ही सगळ्यात कमकुवत जागा आहे.

खडूस_वकील

@तिरफळ, मुद्दा धारदार आहे. उत्तर असं देता येईल की परकीय नागरिक हा या राजकीय समाजाचा घटकच नाही आणि अब्जाधीश आहे. पण हेही कबूल करतो की मग कंपनी या समाजाची घटक कशी, हे मला नीट सांगता येणार नाही. 'सिटिझन्स युनायटेड'मध्ये न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी ९० पानांच्या विरोधी मतात हेच धरलं होतं.

ओली_भेळ

मग दुरुस्तीचा प्रयत्न कोणी केलाच नाही का?

शून्य_प्रहर

@ओली_भेळ, ढीगभर. साउथ कॅरोलायनाचे सिनेटर फ्रिट्झ हॉलिंग्ज १९८० च्या दशकापासून मागे लागले होते. १९९७ मध्ये सिनेटमध्ये मतदान झालं: बाजूने ३८, विरोधात ६१. मोठा प्रयत्न २०१४ चा, न्यू मेक्सिकोच्या टॉम उडाल यांचा. निवृत्त न्यायमूर्ती स्टीव्हन्स स्वतः सिनेट समितीपुढे येऊन दुरुस्तीची बाजू मांडून गेले. ११ सप्टेंबर २०१४ ला चर्चा थांबवून मतदान घ्यायच्या प्रस्तावाला ५४ विरुद्ध ४२ मतं पडली. तिथेच ६० लागत होती. दुरुस्ती पास व्हायला दोन तृतीयांश लागली असती. पक्षाच्या रेषेवर सरळ फाटाफूट.

आणि त्यापुढे ५० पैकी ३८ राज्यांची मान्यता. म्हणजे १३ राज्यांनी मान हलवली नाही की खेळ खलास. राज्यघटना परिषद बोलावण्याचा दुसरा रस्ता आहे, त्याला ३४ राज्यं लागतात, पण तो आजवर एकदाही वापरलेला नाही आणि परिषद एकदा बसली की आणखी काय काय उकरून काढेल या भीतीने दोन्ही पक्षांतले शहाणे लोक दचकतात.

तरी अशक्य म्हणू नका. कोर्टाने १८९५ मध्ये आयकर रद्द केला, १९१३ मध्ये १६व्या दुरुस्तीने तो परत आला. १९७० मध्ये कोर्ट म्हणालं काँग्रेस राज्यांच्या निवडणुकीत मतदानाचं वय १८ करू शकत नाही. १९७१ च्या जुलैपर्यंत २६वी दुरुस्ती होऊनही गेली.

तिरफळ

२०१४ चा मसुदा मी शब्दन् शब्द वाचलाय, त्यावर बोलूया. वाद तिथे आहे.

पहिलं कलम: निवडणुकीवर प्रभाव टाकण्यासाठी उमेदवारांनी आणि इतरांनी पैसा उभारणं आणि खर्च करणं, यावर काँग्रेस आणि राज्यं नियमन करू शकतील आणि 'वाजवी' मर्यादा घालू शकतील. दुसरं: माणूस आणि कायद्याने निर्माण केलेली कंपनी यांत भेद करता येईल, कंपन्यांना पूर्ण बंदीही घालता येईल. तिसरं: यातल्या कशामुळेही वृत्तपत्रस्वातंत्र्य कमी करण्याचा अधिकार मिळत नाही.

आता, 'वाजवी' कोण ठरवणार? तेच नऊ न्यायमूर्ती. एवढा डोंगर चढून परत त्याच दारात. हा शब्द काढला तर उद्या एखादं राज्य दहा डॉलरची मर्यादा घालून विरोधकांचं तोंड बंद करेल. ठेवला तर कोर्ट व्हरमाँटसारखं परत म्हणेल, हे वाजवी नाही. मी तरी शब्द ठेवण्याच्या बाजूची आहे. निदान वाद 'मर्यादा घालता येते का' इथून 'किती घालायची' इथे येतो.

काठावर_पास

@तिरफळ, अगदी. कॅनडात हेच झालंय. बाहेरच्या गटांच्या प्रचारखर्चावरची मर्यादा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये उचलून धरली. तिथे कोणाचं बोलणं बंद झाल्याचं ऐकिवात नाही. आणि खडूस_वकील यांचा आक्षेप, की सत्तेतले लोक स्वतःच्या सोयीची मर्यादा ठरवतील, तोही 'वाजवी' या शब्दातच अडवता येतो.

खडूस_वकील

पहिल्या दोन कलमांशी मी कसंबसं जमवून घेईन. माझं घोडं अडतं ते तिसऱ्यापाशी.

वृत्तपत्राला सूट, ठीक. वर्तमानपत्र ही कंपनीच आहे आणि ते अग्रलेखात उमेदवाराला पाठिंबा देतं, तो पैसाच आहे. मग अब्जाधीशाने सुपर पॅक बंद करून एक वृत्तवाहिनी काढली तर? किंवा अख्खा सोशल मीडिया मंचच विकत घेतला तर? आणि दुसऱ्या टोकाला, घरातून चॅनल चालवणारी बाई एखाद्या उमेदवाराची दोन तास मुलाखत घेते, तिला जाहिरातदार पैसे देतात. ती वृत्तमाध्यम की प्रचारक? हे ठरवण्याचा अधिकार तुम्ही सरकारला देताय. २०१४ च्या चर्चेत रिपब्लिकन सिनेटर टेड क्रूझ यांनी टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमाचा निर्माता तुरुंगात जाईल असं म्हटलं, ती अतिशयोक्ती होती; पण प्रश्न खरा होता.

काठावर_पास आणि तिरफळ, तुम्ही दोघं मिळून त्या बाईसाठी तिसरं कलम नीट लिहून दाखवा. जमलं तर माझं मत तुम्हाला.

तिरफळ

@खडूस_वकील, सुरुवात करते. 'वृत्तमाध्यम' कोण हे ठरवायचंच नाही. कसोटी लावायची ती पैशाच्या व्यवहाराला: मजकूर फुकट प्रसिद्ध झाला की कोणी जागा विकत घेऊन. मुलाखत फुकट घेतली तर सूट. उमेदवाराने किंवा त्याच्या पाठीराख्याने पैसे मोजून घडवून आणली तर जाहिरात. वाहिनीच विकत घेणाऱ्याचं काय, ते यात सुटतं, मान्य. ते मालकीच्या कायद्याने बघावं लागेल, या दुरुस्तीने नाही.

खडूस_वकील

म्हणजे सगळ्यात मोठा मासा सुटला. तरी कसोटी बरी आहे. 'पाठीराखा' ची व्याख्या द्या, मग पुढे बोलू.